तुतलूचे उसने चेहरे

सेत्राक सिनेमाचे बोर्ड रंगवायचा. बैरूतच्या नदीपलीकडे, आमच्या बुर्ज हम्मूदमध्ये, त्या काळी थेटरं बरीच होती. कुठल्या ना कुठल्या थेटरावर सेत्राकने काढलेली एखादी नटी खिडकीएवढे डोळे करून रस्त्याकडे बघत असायची. त्याचं दुकान म्हणजे एक उंच पत्र्याची शेड, आणि तिला चिकटून आमची बुटांची खोली. माझा नवरा नझारेत बूट करायचा, मी चामड्याचे वरचे तुकडे मशीनवर शिवायची. मध्ये नुसती फळ्यांची भिंत. तिच्या फटींतून त्याच्याकडचा टर्पेंटाइनचा वास आमच्याकडे यायचा आणि आमच्या डिंकाचा वास त्याच्याकडे जायचा.

उंच, काटकुळा, पन्नाशी ओलांडलेला माणूस. लग्न केलं नव्हतं. सगळे त्याला उस्ता म्हणायचे, म्हणजे उस्ताद. भुवयांत कायम कुठला तरी रंग अडकलेला. बोलायला लागला की थांबायचा नाही, पण विषय सगळे नट्यांचे. अमकीची डावी बाजू चांगली, तमकी हसली की हनुवटी बिघडते. स्वतःबद्दल मात्र चकार शब्द नाही.

आम्हा आर्मेनियनांत दोन माणसं पहिल्यांदा भेटली की पहिला प्रश्न ठरलेला, “कुठला तू?” म्हणजे आता कुठे राहतोस ते नव्हे. एकोणीसशे पंधरा साली तुर्कांनी हाकलून दिलं, मारलं, त्याआधी तुझे आईबाप कुठल्या गावात होते, ते. त्यावरून ठरतं तू कुठल्या गावकऱ्यांच्या हॉलमध्ये बसणार, कुणाच्या मयताला जाणार, कुणाच्या हातचं जेवण तुला अळणी लागणार. सेत्राक सांगायचा, “अनाथालयाचा.” आणि लगेच नटीवर यायचा. आमच्या गल्लीत तो सगळ्यांकडे कॉफी प्यायचा, पण कुठल्याच हॉलमध्ये त्याची खुर्ची नव्हती.

माझी सासू ओसान्ना तुतलूची. तुतलू म्हणजे तुतीचं गाव, डोंगरातलं. मी तिला मायरिग म्हणायची, म्हणजे आईच, आणि बाकी सगळी गल्ली नेने, म्हणजे आजी. गाव सोडायला लावलं तेव्हा ती सोळा वर्षांची होती. आई, दोन भाऊ आणि थोरली बहीण सांदुख्त बरोबर निघाले होते. वाळवंटाच्या वाटेवर एकेक करून सगळे गेले, आणि सीरियातल्या हलेपला पोचली ती एकटी. यापलीकडे ती काही सांगत नसे आणि आम्हीही विचारत नसू. फोटो एकाचाही नव्हता. घरंच राहिली नाहीत तिथे फोटो कुठले.

चौसष्टच्या हिवाळ्याच्या तोंडाशी एकदा ती नझारेतचं जेवण घेऊन आली आणि सेत्राकच्या शेडसमोर थबकली. आत एका कैरोच्या सिनेमाचा बोर्ड होत आला होता.

“उस्ता, हिला कुठे पाहिलंस तू?”

“मी कुठला पाहणार, नेने. कैरोची बाई ती. हा बघ छापील फोटो, यावरून काढतो.”

“डोळे आमच्या सांदुख्तचे आहेत.”

“मग बरं झालं. शनिवारी बोर्ड जाईल, तोवर रोज येऊन भेटत जा.”

तो गमतीनं म्हणाला, पण मायरिगनं ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून ती स्टूल घेऊन शेडच्या दारात बसायला लागली. लोकर आणायची, विणायची, अधूनमधून वर बघायची. सेत्राकला वाटलं, म्हातारीला उन्हात बसायला जागा हवी असेल. मलाही तसंच वाटलं. पुढे बोर्ड थेटरावर चढला तरी ती रोज संध्याकाळी तिथवर चालत जाऊन यायची.

मग सिनेमा बदलला. बोर्ड उतरून शेडमध्ये परत आला आणि सेत्राकनं नेहमीप्रमाणे त्याच्यावर पांढरा रंग मारला. मायरिग आली तेव्हा अर्धं कपाळ आणि एक डोळा तेवढा राहिला होता. तिनं स्टूल खाली टाकलं आणि त्याच्या पाठीत बुक्की घातली. मी मशीनवरून उठून धावले.

“पुसलंस?”

“नेने, बोर्ड तोच असतो. दर खेपेला पांढरा मारूनच नवा...”

“बहीण होती ती माझी.”

सेत्राकच्या हातातल्या कुंच्यातून पांढरा रंग त्याच्याच बुटावर टपकत होता. मायरिगला मी घरी आणलं. त्या दिवशी ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळीवर टकटक झाली. “अरुस्याग,” तो पलीकडून म्हणाला, “सासूला पाठव. रागातच ये म्हणावं, पण ये.”

त्यानं दाराएवढा प्लायवूडचा तुकडा उभा केला होता. त्यावर फक्त दोन डोळे होते. तेच.

“आता नाक सांग,” तो म्हणाला.

मायरिगनं बराच वेळ विचार केला. “नाक कसं सांगायचं? नाकासारखं नाक होतं.”

“लांब होतं? बसकं होतं?”

“चांगलं होतं.”

“बरं, सांगू नको. दाखव.”

त्या रविवारी दोघं चर्चच्या फाटकासमोर बाकावर बसले आणि बाहेर पडणाऱ्या बायकांची नाकं बघायला लागले. मी लाजेनं जरा लांब उभी होते. सगळी गर्दी ओसरत आली तेव्हा मायरिग ताडकन उठली आणि निळ्या कोटातल्या एका मुलीचा दंड धरला. शिवणकाम शिकणारी मुलगी होती, दुसऱ्या गल्लीतली.

“यावरूम, पोरी, तुझं नाक जरा देतेस?”

ती पोरगी एवढी घाबरली की आईला हाक मारायला लागली. सेत्राकनं समजावून सांगितलं. तो सांगत होता आणि त्या मुलीच्या आईच्या डोळ्यांत पाणी येत होतं. शेवटी आईच म्हणाली, “ने, ने. तिला म्हणावं, हवं तितके दिवस ने.”

अशी सांदुख्त जमत गेली. कपाळ चहाच्या दुकानातल्या बाईचं, जिवणी मायरिगच्या स्वतःच्या तरुणपणाची. ती तेवढी सेत्राकनं आईच्या वळणावर गेलेल्या माझ्या नणंदेवरून घेतली. हनुवटी चारदा खोडली. “नाही, ती अशी हट्टी नव्हती,” मायरिग म्हणायची. “आता फार गरीब केलीस. तिला राग यायचा, पण पटकन जायचा. तशी कर.” तशी हनुवटी कशी करतात देव जाणे, पण एका दुपारी त्यानं कुंचा मागे घेतला आणि मायरिग स्टूलावरून उठली. तिनं दोन्ही हात एप्रनला पुसले, पुढे झाली, आणि ओल्या रंगाला बोट लागणार नाही इतक्या जवळ हात नेऊन तसाच ठेवला.

“हीच,” ती म्हणाली. मग आपल्या सांदुख्तशी ती तुर्कीत बोलायला लागली. तुतलूची जुनी माणसं घरात तीच भाषा बोलत. सेत्राक आणि मी बाहेर येऊन उभे राहिलो.

गल्लीत गोष्ट पसरायला काय वेळ लागतो. आठवड्याभरात तुतलूच्या वार्तेर नेने दारात हजर. त्यांना त्यांचा भाऊ हवा होता. भावाचं त्यांना एवढंच पक्कं आठवत होतं की कान मोठे होते आणि पुढे झुकलेले. त्या सरळ तोरोस खाटकाकडे गेल्या, सुजूकची वाळवलेली सॉसेजं लटकलेली असतात त्या दांडीखाली उभ्या राहिल्या आणि त्याच्याकडे टक लावून बघायला लागल्या.

“काय देऊ, नेने?”

“कान.”

“कुणाचे? बकऱ्याचे?”

“तुझे.”

तोरोस मराशचा. तो म्हणाला, “माझं खानदान मराशचं, आमचे कान तुतलूला कसे पोचले?”

“ते तुझ्या आजोबांना विचारायला हवं होतं,” वार्तेर नेने शांतपणे म्हणाल्या. दुकानातली सगळी गिऱ्हाइकं हसून लोटपोट झाली. पण त्या दुपारी तोरोस अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून शेडमध्ये आला आणि फोटो काढायला बसावं तसा ताठ बसला. सेत्राक म्हणाला, “अरे, फक्त कान हवेत.” तोरोस म्हणाला, “असू दे. कुणाच्या तरी भावाच्या तोंडावर जाणार आहेत.”

मग रांगच लागली. तुतलूचे जेवढे म्हातारे जिवंत होते तेवढे सगळे येऊन गेले. कुणाला आई हवी होती, कुणाला पहिलं मूल. सेत्राक दिवसा थेटराचं काम करायचा, संध्याकाळी उजेड असेपर्यंत हे. लाकूड कुणीतरी आणून टाकायचं. बायका मांसाचं सारण भरलेली मांती आणि ताक पाठवायच्या. गल्लीतल्या लोकांना सवय झाली. भाजी घेता घेता मध्येच कुणी म्हातारी हनुवटी धरून तुम्हाला उजेडाकडे वळवायची आणि तुम्ही वळायचा. सेत्राक मात्र प्रत्येक माणसाला, चेहऱ्यातलं काहीही घेतलं तरी, काम झाल्यावर स्वतः उठून कॉफी करून द्यायचा आणि म्हणायचा, “उपकार झाले.” तोरोसला तर दोन्ही कानांबद्दल दोन कप दिले.

पासष्टच्या एप्रिलमध्ये त्या संहाराला पन्नास वर्षं होणार होती. तुतलूच्या मंडळानं हॉलमध्ये नावांची दगडी पाटी बसवायचं ठरवलं होतं. मंडळाचे अध्यक्ष बारोन, म्हणजे श्रीयुत, येरवांत शाळेत इतिहास शिकवायचे. सज्जन माणूस, कमी बोलणारा. बायकांनी त्यांच्याकडे हट्ट धरला की पाटी लावा, पण चित्रंही लावा. ते चित्रं बघायला शेडमध्ये आले. सगळी बघून झाल्यावर टोपी हातात घेऊन म्हणाले, “उस्ता, तुझ्या हाताला दोष नाही. पण ही ती माणसं नाहीत. आपले मेलेले लोक कसे दिसत होते ते आपल्याला माहीत नाही, हेही त्यांच्या खुनाचंच अंग आहे. खोटे चेहरे लावून आपण ते झाकतोय.”

मला वाटलं सेत्राक भांडेल. तो म्हणाला, “खरं आहे, बारोन. ही ती नाहीत.”

मायरिग मध्ये पडली. “येरवांत, तुझं बरोबर आहे. पण मी सहासष्ट वर्षांची झाले. मला सांदुख्तचं तोंड आठवेनासं झालं होतं. आता डोळे मिटले की काहीतरी दिसतं. ते थोडं चुकीचं असेल. असू दे. आधी काहीच दिसत नव्हतं.”

बारोन येरवांत टोपी डोक्यावर ठेवून वळले. निघून गेले. आम्हाला वाटलं संपलं. दोन दिवसांनी परत आले ते एका कागदावर एक ओळ लिहून. म्हणाले, “चित्रं लावू. पण प्रत्येकाखाली हे लिहायचं. ते लिहिलं तर माझी हरकत नाही.” ओळ अशी होती: ‘यांचा चेहरा उरला नाही. हा जिवंत माणसांनी दिला.’ आणि त्याखाली ज्यांनी ज्यांनी काही दिलं त्यांची नावं. सेत्राकनं कागद वाचला आणि बारोन येरवांतांचा हात धरला तो सोडेचना. आजही हॉलमध्ये येणारे लोक चित्राआधी ती ओळ वाचतात. मला तर वाटतं, तिच्यामुळेच चित्रं खरी झाली.

एप्रिल जवळ आला. कामं संपत आली होती. एका दुपारी मी, मायरिग आणि वार्तेर नेने शेडमध्ये चित्रांवरची धूळ पुसत होतो. मायरिग सहज म्हणाली, “उस्ता, आता तुझ्या आईचं काढ.”

“मला नाही आठवत.”

“आम्हालाही नव्हतं आठवत.”

“तसं नाही, नेने.” तो डबा ढवळत राहिला. “तुम्ही पाहिलं होतं. मी पाहिलंच नाही. तीन-चार वर्षांचा असेन. तिच्या पाठीवर बांधलेला होतो. सगळी वाट तसाच. मला दिसायची ती मान. रुमालाखालून दोन वेण्या, खाली एकत्र बांधलेल्या. घाम यायचा तिथे धूळ चिकटायची. पुढचं तोंड कसं होतं... मग एके दिवशी दुसऱ्याच कुणीतरी उचललं.”

इतकी वर्षं फळीपलीकडे राहून मला हे माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं.

मायरिगनं माझ्याकडे बघितलं. “अरुस्याग, वळ.”

मी स्टूलावर भिंतीकडे तोंड करून बसले. वार्तेर नेनेंनी माझे केस सोडले, दोन वेण्या घातल्या, खाली एकत्र बांधल्या, वर स्वतःच्या डोक्याचा रुमाल काढून बांधला. सेत्राक म्हणत होता, “थोडा सैल. अजून. हं.” मला समोर फक्त पत्रा दिसत होता आणि त्यावरचे गंजाचे डाग. मागे कुंच्याचा आवाज यायचा, मग थांबायचा, खूप वेळ थांबायचा, मग परत यायचा. तीन दुपारी मी तशी बसले. मला रडू येत होतं पण मान हलवायची नव्हती, म्हणून मी मनातल्या मनात बुटांचे नंबर म्हणत होते. तिसऱ्या दिवशी त्यानं हळूच सांगितलं, “झालं. वळू शकतेस.”

मी वळले. चित्रात एक बाई चालत होती. पाठमोरी. तिच्या पुढे काही नव्हतं, नुसता पिवळट उजेड. सेत्राक कॉफी करायला गेला होता. त्यानं कप माझ्या हातात दिला. नेहमीचं ‘उपकार झाले’ राहूनच गेलं. त्यानं माझा हात घेऊन कपाळाला लावला. मला आजपर्यंत कुणी एवढं मोठं काही दिलेलं नाही.

हॉलमध्ये चित्रं लावताना मंडळातल्या एकानं विचारलं, “हे लावायचं का? ही तुतलूची नाही ना?”

“तुला काय माहीत?” मायरिग म्हणाली. “ती कधी मागे वळून बोलली तुझ्याशी?”

बारोन येरवांत शिडी धरून उभे होते. ते हसले. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. “नाही माहीत,” ते म्हणाले. “लावा. मध्यभागी लावा.”

चोवीस एप्रिलला सकाळी आम्ही मोठ्या सभेला जाऊन आलो आणि दुपारी हॉल उघडला. पाद्र्यांनी धूप दाखवला, प्रार्थना म्हटली. मग जे झालं ते कुणी ठरवलं नव्हतं. लोक चित्रांसमोर उभे राहायचे, खालची नावं वाचायचे आणि मागे वळून ती माणसं शोधायचे. तोरोसला वार्तेर नेनेंच्या भावाशेजारी उभं केलं आणि एकामागून एक माणूस येऊन त्याचा हात हातात घ्यायला लागला, जसा मयताच्या घरच्यांचा घेतात. तोरोस प्रत्येकाला म्हणत होता, “देव त्याला शांती देवो.” आणि शेवटी शेवटी तो हुंदके देऊन रडायला लागला, अशा माणसासाठी, ज्याला त्यानं कधी पाहिलंही नव्हतं. निळ्या कोटातली मुलगी सांदुख्तसमोर फुलं ठेवून आईला बिलगून उभी होती. मायरिगनं तिला जवळ ओढून नाकावर ओठ टेकले.

बाहेर अंगणात मोठ्या कढईत हरीसा शिजत होती. गहू आणि मांस रात्रभर घोटायचं, ते काम गावच्याच पुरुषांचं असतं, परक्याच्या हाती दांडा देत नाहीत. सेत्राक कोपऱ्यात सिगारेट ओढत उभा होता. नझारेतनं त्याला हाक मारली. “उस्ता, ये की. का फक्त खायला येणार?” सेत्राकनं सिगारेट टाकली, बाह्या वर केल्या आणि दांडा धरला. त्यानंतर कुणी विचारलं, कुठला, तर तो थोडा घुटमळून म्हणायचा, “तुतलूचा.” पुढे पुढे ते घुटमळणंही गेलं.

दहा वर्षं त्यानं दुसऱ्या गावांच्या लोकांसाठीही चेहरे काढले. मग पंच्याहत्तर साली लेबनॉनची यादवी लढाई सुरू झाली. थेटरं बंद पडली. आमच्या हॉलच्या छतावर तोफगोळा पडला. चित्रं वाचली. बारोन येरवांत, नझारेत, तोरोस यांनी ती गाद्यांत गुंडाळून आमच्या बुटांच्या खोलीत आणली, आणि हॉल दुरुस्त होईपर्यंत वर्षभर आम्ही त्या सगळ्यांच्या सोबतीनं काम केलं. सेत्राकची शेड राहिली नाही. तो आमच्या वरच्या खोलीत राहायला आला. मायरिग त्याला जेवायला वाढायची आणि तो दर घासाला आभार मानायचा. “पुरे रे,” ती ओरडायची, “जेव. चर्चमध्ये आलायस का?”

एक्याऐंशीच्या हिवाळ्यात मायरिग अंथरुणाला खिळली. सेत्राकच्या हातांना तोवर कंप सुटला होता, बरेच दिवस त्यानं कुंचा धरला नव्हता. त्यानं नझारेतकडून फळी मागवून घेतली आणि तिच्या खाटेजवळ बसला. एकाच दुपारी तिचं चित्र काढलं. कुणाला बोलावलं नाही, कुणाकडे काही मागितलं नाही. चेहरा समोरच होता.

मायरिगनं उशीवरून मान वळवून बघितलं. “नाक मोठं केलंस.”

“आहे तेवढंच केलंय.”

“एवढ्या लोकांची नाकं मागून आणलीस. माझ्यासाठी एक चांगलंसं आणायला काय झालं होतं?”

तो हसला. मीही हसले. थोड्या वेळानं तिनं त्याचा थरथरता हात धरला आणि आमच्यात म्हणतात तसं म्हणाली, “तुझे हात सदा बरे राहोत, उस्ता.”

“बरे नाहीत, नेने. पण तुझ्यापुरते चालले.”

ती ईस्टरच्या आधी गेली. सेत्राक तिच्यानंतर दोन वर्षांनी, जेवण करून खिडकीशी बसला असताना. नझारेत आणि तोरोसनं त्याला खांदा दिला, आणि तुतलूच्या लोकांनी दफनभूमीतल्या आपल्या रांगेत त्याला जागा दिली. त्याचं चित्र काढावं असं सगळ्यांच्याच मनात होतं. पण तसं काढता येणारं आमच्यात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून हे एवढं लिहून ठेवलं.